जिन्यात म्हटलेलं ‘छान’

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणी लक्षात ठेवत नाही, आणि त्याबद्दल पेशंटला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. विसरायला लावणं हेच मुळी तिचं काम. ज्याने पोट उघडून परत शिवलं त्या सर्जनला फुलं मिळतात, टाके काढणाऱ्या सिस्टरला आशीर्वाद मिळतात. आणि जी बाई ऑपरेशनभर उशाशी बसून त्याचा श्वास न् श्वास सांभाळत होती, ती दुसऱ्या दिवशी विचारपूस करायला वॉर्डात गेली की पेशंट तिच्याकडे बघून म्हणतो, "ताट न्यायला आलात का? न्या, झालंय माझं."

धाकटी ते ताट उचलून नेतही असे. उगाच कशाला त्या माणसाला ओशाळं करायचं!

धाकटी हे तिचं घरातलं नाव. तिघा भावंडांत शेवटची, म्हणून धाकटी. पुढे डॉक्टर झाली, भूल देण्याचं वेगळं शिक्षण घेतलं, दोरीने बांधावी लागतील एवढी जाडजूड पुस्तकं पालथी घातली, तरी नाव काही मोठं झालं नाही. हे सगळं शिक्षण घरच्या गावात झालं. तिथे रस्त्याने निघालं तर औषधवाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रत्येकाला ती कोणाची कोण ते ठाऊक. या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा दादा तिला पोचवायला आला. गादी, बादल्या, पुस्तकांची खोकी जिन्याने वर चढवली, "धाकटे, गॅस बंद करत जा, धाकटे, दाराला आतून कडी लाव," असं अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बजावलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तो गेला आणि खोली एकदम मोठी झाली.

खोली तशी चांगली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या दोऱ्या दिसायच्या आणि त्यांच्यावर वाळत घातलेले कपडे. शेजाऱ्यांशी तिची ओळख तेवढीच. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाळ आहे, तिसऱ्या मजल्यावरचा माणूस चौकडीचे शर्ट घालतो, असं तिला कपड्यांवरून कळायचं. कपाट भलंमोठं होतं आणि अजून रिकामं होतं. बॅगेतून वरवरचे कपडे काढायचे, धुवायचे, घडी करून परत बॅगेत ठेवायचे, असं चाललं होतं. विचारलं असतं तर "वेळच मिळत नाही" म्हणाली असती. खरं कारण वेगळं होतं. कपडे कपाटात गेले की माणूस तिथला झाला, आणि इथे आपलं म्हणावं असं तिला कोण होतं?

एक होतं. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकू होत्या.

काकूंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून इकडची तार तिकडे जोडायची, हे काम. यजमान जाऊनही बराच काळ लोटला होता, लेक परदेशात होता आणि सणवारी फोन करायचा. काकू एकट्या राहायच्या, पण एकटेपणाचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. संध्याकाळी दार अर्धं उघडं असायचं, आत रेडिओ बारीक आवाजात लागलेला असायचा, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर धाकटीचा पाय पडला की आतून हाक यायची, "जेवलीस का गं?"

दादाने जिन्यात केलेला आरडाओरडा त्यांनी ऐकला होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या तिला धाकटीच म्हणत. डॉक्टरबिक्टर काही नाही.

"हो काकू," धाकटी जिन्यातूनच सांगायची.

हे बहुतेक वेळा खोटं असे. दुपारी कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या काहीतरी कोंबलेलं असायचं, कधी तेही नाही. पण आईलाही ती फोनवर असंच "हो गं" म्हणायची. जेवलीस का या प्रश्नाला दुसरं उत्तर असतं हे ती जणू विसरूनच गेली होती. काकूंना खोटं कळत नव्हतं थोडंच! आवाजावरून माणूस ओळखण्यात जन्म गेलेला. पण त्या पकडायच्या नाहीत. "बरं," म्हणायच्या, आणि घटकाभराने वर येऊन "जास्तीचं झालं होतं गं, टाकवेना" म्हणत झाकलेली वाटी ठेवून जायच्या. एकट्या बाईच्या घरी रोज रोज जास्तीचं कसं होतं, हे धाकटीनेही कधी विचारलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दोघी खालच्या खोलीत बसायच्या. एकदा धाकटीने ताटाचा किस्सा सांगितला तेव्हा काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं, आपण दोघी एकाच जातकुळीच्या," त्या म्हणाल्या. "माझाही चेहरा कोणी पाहिला नव्हता. अर्ध्या शहराच्या सोयरिकी माझ्या कानांवरून गेल्या, पण रस्त्यात भेटले असते तर कोणी ओळखलं नसतं. फक्त एकदा काय झालं, दुकानात कापड मागत होते, तर मागे उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘ट्रंक कॉलवाल्या बाई ना तुम्ही?’ नुसत्या आवाजावरून! माणूस चेहरा विसरतो गं. आवाज नाही विसरत."

"माझे पेशंट आवाजही विसरतात," धाकटी म्हणाली.

"मग तू त्यांच्याशी धड बोलत नसशील," काकू म्हणाल्या आणि रेडिओ मोठा केला.

आता त्या ‘छान’बद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यानेच केला.

भूल द्यायची तर पेशंट उपाशी हवा. पोटात अन्न असेल आणि बेशुद्धीत ते वर येऊन छातीत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेल्या प्रत्येक माणसाला धाकटीचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कधीपासून काही खाल्लेलं नाही?" आणि लोक भलते हुशार. एका शेठजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पाण्याचा थेंबही घेतलेला नाही, आणि मग हळूच, "केळं काही खाण्यात धरत नाहीत ना?" दुसऱ्या एकाने फक्त चहाच घेतला होता, पण बिस्किटं त्या चहातच बुडलेली असल्यामुळे ती चहातच जमा, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यामुळे एखाद्याने सरळ "काल रात्रीपासून काही नाही" म्हटलं की धाकटीचा जीव भांड्यात पडायचा. चेहरा उजळायचा आणि ती मनापासून म्हणायची, "छान! आता पाणीसुद्धा घेऊ नका हं." हे इतकं अंगवळणी पडलं होतं की प्रश्न-उत्तर कानात शिरायचं आणि ‘छान’ तोंडातून बाहेर पडायचं, मध्ये डोक्याला फारसं काम नसायचं.

एके संध्याकाळी ती अशीच पार गळून घरी आली. एकामागून एक ऑपरेशनं झाली होती आणि कानात अजून मॉनिटरची टिकटिक चालू होती. काकू दारातच उभ्या होत्या. नेहमीची हाक आली नाही. एक हात चौकटीवर आणि एक हात कुशीला लावून त्या म्हणाल्या, "आज काही बरं वाटत नाही बघ. काल रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही."

"छान!" धाकटी म्हणाली. त्यांचा हात थोपटला. "आता पाणीसुद्धा घेऊ नका हं."

आणि जिना चढून वर गेली, कडी लावली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी दार बंद होतं. तिसऱ्या दिवशीही. आत रेडिओ चालू होता, म्हणजे काकू घरात होत्या. पण पहिल्या पायरीवर पाय आपटून पाहिला, मुद्दाम खोकून पाहिलं, तरी हाक आली नाही. वाटीही वर आली नाही. माझं काय चुकलं, भाडं तर दिलंय, नळ तर बंद ठेवते, असं धाकटी घोकत राहिली. त्या हाकेला आपण रोज खोटं उत्तर देत होतो, पण तीच ऐकायला जिना चढत होतो, हे तिला आता कळलं. फोनवर दादाला ती म्हणाली, "इथे नाही रे जमणार मला." दादा म्हणाला, "मग ये परत. बॅग भरायला किती वेळ लागतो?" बॅग भरलेलीच आहे, हे तिने सांगितलं नाही.

उलगडा झाला तो ऑपरेशन थिएटरमध्येच. टेबलावर हर्नियाचे एक आजोबा होते. तिने विचारलं, त्यांनी सांगितलं, "काल रात्रीपासून पोटात काही नाही," आणि ती म्हणाली, "छान! आता पाणी..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिला जिना दिसला, चौकट दिसली, कुशीवरचा हात दिसला.

"डॉक्टर, काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"माझ्यासारखी गाढव मीच," धाकटी म्हणाली. आजोबा घाबरले. त्यांची समजूत घालून, त्यांना नीट झोपवून, नीट उठवून, दिवसभराचं सगळं काम उरकून मगच तिला बाहेर पडता आलं. तो दिवस कसा गेला ते तिचं तिलाच माहीत.

काकूंनी दार उघडलं, पण पुरतं नाही. "बोला डॉक्टर."

त्या ‘डॉक्टर’ने आणि ‘बोला’ने धाकटीचं अर्धं अवसान गळालं. तरी तिने सगळं सांगितलं. टेबल, उपास, केळंवाले शेठजी, सवय, सगळं. बोलता बोलता रडवेली झाली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कामाची माणसं. मी काय तुमची सख्खी लागून गेले?"

"काकू, अहो असं नका ना म्हणू. दुखतंय कुठे ते सांगा. इथे उजवीकडे का? तेलकट खाल्लं की पाठीत जातं का? उलटी होते का? मला एकदा बघू द्या."

"तुम्ही माणसं झोपवता," काकू म्हणाल्या. "मला झोप येते चांगली." आणि दार लावून घेतलं.

म्हातारी माणसं रुसली की मुलांना मागे टाकतात. पण यात नुसता रुसवा नव्हता. ज्या पोरीला आपण रोज जेवलीस का विचारलं, तिने आपण उपाशी आहोत हे ऐकून पाठ फिरवली, हे त्यांना फार लागलं होतं. कारण समजलं म्हणून लागलेलं काही लगेच पुसलं जात नाही. आणि धाकटीला वेगळीच धास्ती होती. कुशीवरचा तो हात आता तिला डॉक्टरच्या नजरेने दिसत होता. पित्ताशयातले खडे असेच दुखतात. ज्या दिवशी समोर उभं राहून माणसाने सांगितलं, त्या दिवशी ती ‘छान’ म्हणाली होती.

तिने बिनतेलाचं सूप करून पाहिलं. स्वयंपाकात तिचा हात बेताचाच. गाजरं कच्ची राहिली आणि मीठ दोनदा पडलं. भांडं दारात ठेवलं, ते तिथेच राहिलं. रोज येता-जाता ती दारातून विचारायची, "काकू, ताप नाही ना? डोळे पिवळे दिसत नाहीत ना?" आतून उत्तर यायचं, "ठीक आहे." आणि ठीक नाही हे तिला त्या आवाजावरून कळत होतं. काकूंकडून ती तेवढं शिकली होती.

रविवारी सकाळी रेडिओ लागला नाही.

धाकटी ओल्या केसांनी जिना उतरली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या, शाल गुंडाळून, आणि थंडी वाजून दात एकमेकांवर आपटत होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला. डोळ्यांच्या कडा पिवळसर झाल्या होत्या. कोण सख्खं आणि कोण नाही हे ठरवत बसायला आता कोणाला सवड नव्हती. धाकटीने त्यांना चपला घातल्या, कमरेला धरून गाडीत बसवलं आणि हॉस्पिटल गाठलं.

सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, सुजून टम्म झालेलं. सलाईन आणि औषधं चालू झाली. सर्जन म्हणाले, रात्रभर औषधं जाऊ देत, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन यांचंच. परदेशातल्या लेकाला धाकटीनेच फोन लावून दिला आणि काकूंच्या कानाशी धरला. लेकाने तिकीट बघतो म्हणून सांगितलं. पोचायला दोन दिवस तरी लागणार होते.

"काकू," धाकटी म्हणाली, "उद्या भूल आमचे मोठे डॉक्टर देतील. फार हुशार आहेत. मी सांगून ठेवते." तिला दुसरंच म्हणायचं होतं, पण तोंडातून हेच निघालं. ज्या बाईचा आपल्यावर विश्वास उरलेला नाही तिला आपल्या हाती जीव दे म्हणायचं कोणत्या तोंडाने?

काकूंनी भिंतीकडे तोंड केलं. "बघा, तुमच्या सोयीने."

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी काकूंच्या कॉटपाशी जाऊन हसून नमस्कार केला आणि लगेच बाहेर आले. धाकटी दारातच होती.

"तुमच्या पेशंट मला चालवून घेत नाहीत," ते म्हणाले. "म्हणतात, मी यांचा आवाज ओळखत नाही."

थिएटरमध्ये दिवे लागले. टेबलावर काकू एवढ्याशा दिसत होत्या. हिरवी टोपी त्यांच्या कानांवर आली होती. धाकटीने सुई टोचली, मॉनिटर जोडला आणि हात थांबला. पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं. पेशंट ओळखीची असो की सख्खी आई असो, त्यातून सुटका नाही, आणि सिस्टर कागद धरून उत्तर टिपायला उभ्या होत्या.

"काकू..." ती वाकून म्हणाली, "कधीपासून काही खाल्लेलं नाही?"

काकू छताकडे बघत होत्या. "काल सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीला तोंडच उघडेना.

"म्हण की," काकू म्हणाल्या.

"काय?"

"जे म्हणतेस ते. इथे म्हणायचं असतं ना? मग म्हण. जिन्यात नाही शोभलं, इथे शोभेल."

मास्कच्या वर धाकटीचे डोळे भरून आले. "छान," ती कशीबशी म्हणाली.

"आणि पाणीसुद्धा घेतलेलं नाही हं," काकू म्हणाल्या. "तू आधीच सांगून ठेवलं होतंस."

सिस्टरना फिस्सकन हसू आलं. सर्जन हात धुऊन आत येत होते, त्यांनाही कोणीतरी कारण सांगितलं तेव्हा ते हसले. धाकटी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मास्कच्या आत नाक वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता माझ्याशी बोलत राहा काकू," ती त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरत म्हणाली. "एक्स्चेंजमध्ये फोन आला की आधी काय म्हणायचात?"

"नंबर सांगा..."

"आणि मग?"

"लाईनवर राहा... जोडून देते..." आवाज जड झाला. "लाईनवर... राहा..."

"मी आहे, काकू. लाईनवर आहे."

औषध गेलं. पापण्या मिटल्या.

ऑपरेशन चालायचं तेवढा वेळच चाललं. धाकटीला ते जन्मभर चालल्यासारखं वाटलं. शेकडो माणसांचे श्वास तिने सांभाळले होते, पण त्या दिवशी मॉनिटरवरची प्रत्येक रेघ ती दोनदा वाचत होती. एकदा काकूंचं ब्लड प्रेशर उतरलं. तिने औषध दिलं, वर आणलं, आणि ते परत उतरू नये म्हणून नजर हलवली नाही. सर्जनने खडे वाटीत टाकले तेव्हा टण टण वाजले. "केवढे दिवस काढले बाईंनी हे घेऊन," ते म्हणाले.

मग काकूंना बाहेरच्या खोलीत आणलं. सिस्टरनी गालावर चापट्या मारल्या. "आजी, उठा! आजी, डोळे उघडा!" काकू ढिम्म. शुद्धीवर येताना माणसं नाना तऱ्हा करतात. कोणी पाणी मागतं, कोणी मेलेल्या आईला हाका मारतं, कोणी शिव्या देतं. भूल देणाऱ्याला हाक मारलेली धाकटीने कधी ऐकली नव्हती. ती वाकली आणि कानाशी म्हणाली, "काकू, झालं ऑपरेशन. सगळं नीट झालं. डोळे उघडा बघू."

डोळे उघडले नाहीत. पण कोरडे ओठ हलले.

"धाकटे," काकू म्हणाल्या, "जेवलीस का?"

सिस्टर बघतच राहिल्या. धाकटीच्या ओठांवर नेहमीचं ‘हो’ आलं होतं. ते तिने मागे घेतलं.

"नाही काकू," ती म्हणाली. "कालपासून काही नाही."

काकूंच्या मिटल्या डोळ्यांवर आठी पडली. "हे काही छान नाही," त्या अगदी स्वच्छ म्हणाल्या, आणि परत झोपून गेल्या.

धाकटी स्टूल ओढून तिथेच बसली आणि त्यांचा हात हातात धरून मोकळेपणाने रडली. पुढच्या पेशंटने पहाटे केळं खाल्लेलं उघडकीला आलं होतं, त्यामुळे तिला कोणी हाक मारली नाही. काकूंचा श्वास एका लयीत लागला, गालांवर रंग आला, तेव्हा ती उठली. सिस्टरना "आलेच" म्हणाली, मास्क काढला, खाली कॅन्टीनमध्ये गेली, ताट घेतलं, आणि या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसून पोटभर जेवली.